जुना नीगाता ३: १९४७ पासून आजपर्यंतचा सलग तक्ता कसा लावायचा?

आडवी_ओळ:

जपानच्या कनिष्ठ सभागृहातल्या एकाच मतदारसंघाचा इतिहास एका तक्त्यात बसवतोय. नीगाता ३ निवडला, कारण माजी पंतप्रधान काकुएई तानाका तिथून १९४७ ते १९८६ सलग सोळा वेळा निवडून आले आणि आकडे सहज मिळतील असं वाटलं. आकडे मिळाले, पण तक्ता लागत नाही. अडचणी अशा:

१९८३ मध्ये तानाकांना २,२०,७६१ मतं आहेत आणि त्याच निवडणुकीत त्याच मतदारसंघातून चाळीस-पन्नास हजारांच्या घरातले लोकही निवडून आलेत. पाच जागा होत्या हे माहीत आहे, पण मग ‘विजयाचं मताधिक्य’ या रकान्यात काय लिहायचं?

१९९३ पर्यंत नावांची साखळी नीट लागते. १९९६ पासून नीगाता ३ मध्ये ओळखीचं एकही नाव नाही. काकुएईंची मुलगी माकिको तानाका नीगाता ५ मध्ये दिसतात. मतदारसंघाचा क्रमांक बदलला असं समजून पुढे जायचं का?

१९७६ पासून काकुएईंच्या नावापुढे ‘अपक्ष’ आहे. पक्षनिहाय जागा मोजताना त्यांना कुठे धरायचं?

जपानी निकालांच्या काही याद्यांत मतं दशांशात आहेत, आणि काही ठिकाणी उमेदवारांची बेरीज वैध मतांपेक्षा एक-दोनने कमी भरते. ही टंकनातली चूक आहे की आणखी काही?

शेवटचं, १९८३ ला तानाकांना साधारण ४६-४७ टक्के आणि २०२१ ला नीगाता ५ मध्ये विजेत्याला ४५ टक्के. हे आकडे एकाच आलेखात दाखवले तर चालतील ना?


मतमोजणी:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं आपोआप सुटतं. नाही चालणार. हे दोन टक्के दिसायला सारखे आहेत, अर्थाने नाहीत.

१९४७ ते १९९३ या काळात मतदारसंघ साधारण तीन ते पाच जागांचे असत आणि मतदार मात्र एकच नाव लिहीत असे. मतं पक्षाला जात नसत, एका उमेदवाराची जास्तीची मतं दुसऱ्याला वळतही नसत. सर्वांत जास्त मतांचे पहिले पाच आत, सहावा बाहेर. नीगाता ३ सगळ्या काळात पाच जागांचाच राहिला. १९८६ च्या फेररचनेत शेजारच्या नीगाता २ आणि नीगाता ४ मधली एकेक जागा गेली, ३ ला हात लागला नाही.

या पद्धतीत ‘हमखास विजयाची’ मतसंख्या काढता येते. वैध मतांना जागा अधिक एक ने भागायचं आणि त्याच्या वर एक मत. १९८३ ला वैध मतं ढोबळमानाने ४,७०,००० धरा. भागिले ६ म्हणजे ७८,३३४. एवढी मतं मिळाली की बाकी कोणी काहीही केलं तरी तुम्ही पहिल्या पाचात. तानाकांना याच्या २.८ पट मिळाली. म्हणजे एकाच माणसाने जवळजवळ तीन जागांची मतं खाल्ली, आणि जागा मिळाली एक.

आता ती २,२०,७६१ बाजूला काढा. उरली २,४९,२३९, आणि जागा चार. भागिले ५ केलं की हमखास रेषा ४९,८४८ वर येते. त्यामुळे चाळीस-पन्नास हजारांत लोक निवडून आले यात विचित्र काहीच नाही. तानाकांनी आपल्या मतांचा डोंगर उभा केल्यामुळेच बाकीच्या चार जागा स्वस्त झाल्या. ऐंशीच्या दशकात लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एलडीपीचे, तात्सुओ मुरायामा, हिदेओ वातानाबे आणि शिन साकुराई असे तिघेही याच मतदारसंघातून १९८०, १९८३ आणि १९८६ ला आत होते, ते या गणितामुळेच शक्य झालं.

म्हणून बहुसदस्यीय काळासाठी ‘मताधिक्य’ हा रकाना पहिला वजा दुसरा असा भरू नका. तो निरर्थक आहे. पाचवा वजा सहावा भरा. खरी लढत तिथे होती. पहिला क्रमांक हा मानाचा, पाचवा पोटापाण्याचा. पराभूतांपैकी पहिला, म्हणजे सहावा, जपानी याद्यांत वेगळ्या खुणेने दाखवतात, तो शोधायला सोपा जातो. तक्त्यात निवडून आलेल्या पाचांबरोबर त्याचंही नाव ठेवा. पाच निवडणुकांतले सहावे एकाखाली एक लावले की कोण पुढच्या वेळी आत येणार आणि कुणाची जागा डळमळीत आहे ते लगेच दिसतं. विजेत्यांच्या यादीतून ते कधीच दिसत नाही.

टक्केवारी दाखवायचीच असेल तर मतांना ‘वैध मतं भागिले जागा’ या आकड्याने भागा. १९८३ साठी तो ९४,००० येतो, तानाका २.३५ वर बसतात. एकसदस्यीय मतदारसंघात हाच भाजक म्हणजे सगळी वैध मतं, त्यामुळे २०२१ चा विजेता ०.४५ वर. या दोन काड्या शेजारीशेजारी काढल्या की फरक कळतो. तरीही आलेखात १९९३ आणि १९९६ च्या मध्ये रेघ तोडा. ती जोडली की वाचणारा फसतोच.


नकाशेवाला:

क्रमांक बदलला असं समजू नका. मतदारसंघच मोडला.

१९९४ च्या सुधारणेने बहुसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले आणि ३०० एकसदस्यीय जागा आल्या, जोडीला विभागीय याद्यांमधून २०० प्रमाणबद्ध जागा, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या. नीगाता प्रीफेक्चरच्या, म्हणजे प्रांताच्या, वाट्याला सहा एकसदस्यीय जागा आल्या. जुन्या ३ चा प्रदेश नव्या २, ४, ५ आणि ६ अशा चार मतदारसंघांत गेला. नव्या ३ मध्ये त्यातलं काही नाही. तो उत्तरेकडचा, शिबाता-मुराकामी बाजूचा. तुम्हाला ओळखीचं नाव दिसत नाही याचं कारण एवढंच.

वाटणी ढोबळ अशी: नागाओका शहर, ओजिया, आणि उत्तर व दक्षिण उओनुमा हा भाग नव्या ५ मध्ये. सान्जो, कामो, मित्सुके हे ४ मध्ये. काशिवाझाकी आणि कारिवा तालुका २ मध्ये. तोकामाची आणि मध्य उओनुमा ६ मध्ये, पश्चिमेच्या जोएत्सुबरोबर.

यात एक गंमत आहे जी बहुतेक लेखांतून निसटते. काकुएईंचं जन्मगाव कारिवा तालुक्यातल्या निशियामा भागातलं. म्हणजे १९९६ नंतर तानाका घराण्याचं मूळ गाव २ मध्ये गेलं आणि माकिको लढल्या ५ मधून. ‘वडिलांचा मतदारसंघ मुलीकडे’ हे वाक्य १९९३ साठी अचूक आहे. तेव्हा त्या जुन्या ३ मधून अपक्ष म्हणून पहिल्या क्रमांकाने आल्या. १९९६ साठी ते निम्मंच खरं आहे.

दुसरी गाठ नगरपालिकांच्या विलीनीकरणाची. नागाओकाने १ एप्रिल २००५ ला कोशिजी, मिशिमा, ओगुनी, यामाकोशी आणि नाकानोशिमा घेतली, १ जानेवारी २००६ ला तोचिओ, तेरादोमारी, वाशिमा आणि योइता, आणि ३१ मार्च २०१० ला कावागुची. शहराची हद्द फुगली, पण कनिष्ठ सभागृहाच्या मतदारसंघाची रेषा जुन्या गावांच्या सीमेवरच थांबलेली. त्यामुळे बराच काळ एकच नागाओका शहर तीन मतदारसंघांत होतं: मूळ शहर ५ मध्ये, तोचिओ आणि नाकानोशिमा ४ मध्ये, कोशिजी-मिशिमा-योइता-तेरादोमारी ही बाजू २ मध्ये. निकालाच्या तक्त्यात ‘नागाओका शहर’ ही ओळ तीन मतदारसंघांच्या पानांवर येते, आणि कोणी ती एकदाच उचलली की बेरीज गेली. प्रत्येक ओळीसमोर मतदारसंघ आणि शहर या दोन्ही खुणा ठेवा.

तिसरी, सगळ्यात ताजी. २०२२ च्या कायद्याने दहा जागा वाढल्या आणि दहा कमी झाल्या, त्यात नीगाता सहावरून पाचवर आलं. ही नवी रचना पहिल्यांदा २७ ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत लागू झाली. नागाओकाचा मोठा भाग आणि काशिवाझाकी पुन्हा एकत्र आले, पण आता त्याचं नाव नीगाता ४. उओनुमा बाजू जोएत्सुबरोबर नव्या ५ मध्ये. २०२१ ला नीगाता ५ मधून निवडून आलेले र्‍यूइची योनेयामा २०२४ ला नीगाता ४ मधून आले, ते मतदारसंघ बदलून पळाले म्हणून नव्हे, रेषा हलली म्हणून.

त्यामुळे तक्त्याची किल्ली मतदारसंघाचा क्रमांक नको. किल्ली ‘क्रमांक + रचनेचं वर्ष’ अशी ठेवा: ३/१९४७, ५/१९९४, ४/२०२२. आणि खरोखर सलग इतिहास हवा असेल तर गावनिहाय मतं घ्या, १९९३ च्या हद्दींना घट्ट धरा, आणि नंतरच्या प्रत्येक निवडणुकीची मतं त्या साच्यात ओता. काम किचकट आहे. विलीनीकरणानंतर बरेचदा जुन्या गावाचे वेगळे आकडे छापले जात नाहीत, तिथे साचा गळतो. तो गळका भाग अंदाजाने भरू नका, रकाना रिकामा ठेवा.


आडवी_ओळ:

किल्लीची कल्पना पटली, आजच बदलतो. मागेही जायचं का? १९४६ ला तानाका उभे होते आणि पडले, एवढं वाचलंय. ती ओळ पहिली ठेवावी असं वाटतं.


तळटीप:

१९४६ ची ओळ त्याच तक्त्यात ठेवू नका. १० एप्रिल १९४६ ला मोठे मतदारसंघ होते, नीगाता प्रीफेक्चर फक्त दोन भागांत होतं, आणि मतदार एकापेक्षा जास्त नावं लिहू शकत होते. तानाका प्रोग्रेसिव्ह पक्षाकडून नीगाता २ मधून उभे राहिले. तो २ म्हणजे नंतरचा २ नव्हे. तिथल्या मतसंख्येची तुलना १९४७ शी होत नाही. २५ एप्रिल १९४७ ला बहुसदस्यीय, एक मत अशी पद्धत आली आणि तानाका नव्या नीगाता ३ मधून डेमोक्रॅटिक पक्षाकडून तिसऱ्या क्रमांकाने निवडून आले. तक्ता तिथून सुरू करा.

उलट १९२८ ते १९४२ या सहा निवडणुका एका अर्थी जास्त जवळच्या आहेत, कारण तेव्हाही बहुसदस्यीय पद्धतच होती. शेतकरी चळवळीतले समाजवादी शोइची मियाके १९३६ लाच सभागृहात पोचले होते आणि युद्धानंतर जुन्या ३ मधले तानाकांचे दीर्घकाळचे प्रतिस्पर्धी तेच. पण तेव्हा स्त्रियांना मत नव्हतं, त्यामुळे मतदारसंख्येचा रकाना वेगळा करावा लागेल.

आता ‘अपक्ष’ची भानगड. तानाकांना २७ जुलै १९७६ ला लॉकहीड या विमान कंपनीच्या लाच प्रकरणात अटक झाली आणि त्यांनी एलडीपी सोडला. ५ डिसेंबर १९७६ पासून १९८६ पर्यंतच्या पाचही निवडणुका ते अपक्ष म्हणून लढले. पण त्याच काळात पक्षातल्या सगळ्यात मोठ्या गटाचे सूत्रधार तेच होते. यावर उपाय एकच: दोन रकाने. एकात अर्जावरचा पक्ष, जसा छापलाय तसा. दुसऱ्यात तुमचं वर्गीकरण, आणि त्याचा नियम तक्त्याच्या डोक्यावर लिहिलेला. एकाच रकान्यात दोन्ही मिसळलं तर १९७६ ला एलडीपीने या मतदारसंघात जागा गमावली असं दिसेल, आणि कोणीतरी त्यावर लेखही लिहील. माकिकोंचंही तेच. १९९३ ला अपक्ष, मग एलडीपीत प्रवेश, १९९६ आणि २००० ला एलडीपी, २००३ आणि २००५ ला अपक्ष, २००९ ला डेमोक्रॅटिक पक्ष.

जावई नाओकी तानाकांना या तक्त्यात घुसवू नका. ते १९८३ ला निवडून आले ते फुकुशिमा ३ मधून. नीगाताशी त्यांचा संबंध नंतरचा, आणि तो वरिष्ठ सभागृहाचा.

दशांश टंकनचूक नाही. जपानमध्ये मतदार उमेदवाराचं नाव स्वतः हाताने लिहितो. एकाच आडनावाचे दोन उमेदवार असतील आणि मतपत्रिकेवर नुसतं आडनाव असेल, तर ते मत बाद होत नाही. त्या मतमोजणी क्षेत्रात दोघांना मिळालेल्या इतर मतांच्या प्रमाणात ते विभागलं जातं. समजा एकाला ६,००० आणि दुसऱ्याला ४,०००, आणि नुसत्या आडनावाची १०१ मतं. पहिल्याला ६०.६, दुसऱ्याला ४०.४. निकालात तीन दशांश स्थळांपर्यंत छापतात, पुढचं कापतात. ही विभागणी प्रत्येक क्षेत्रात वेगळी होते आणि प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं कापलं जातं, म्हणून बेरीज वैध मतांपेक्षा किंचित कमी भरते. तक्त्यात मतांचा रकाना पूर्णांक ठेवला असेल तर आत्ताच दशांश करा. पूर्णांकात नंतर गोल केलेले आकडे पाचवा-सहावा अटीतटीचा असताना घात करतात.

तारखांबद्दल: जुन्या कागदांवर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेइ असेल तर १९८८, रेइवा असेल तर २०१८. शोवा ५८ म्हणजे १९८३. २७ डिसेंबर १९६९ आणि २९ जानेवारी १९६७ यांसारख्या वर्षाच्या टोकाच्या तारखा नीट तपासा, तिथे वर्ष हमखास सरकतं.


कोरा_कागद:

आकडेवारी वर झालीच आहे. मला ‘कारण’ या रकान्याबद्दल बोलायचंय, कारण तो रकाना कोणी ना कोणी जोडतोच आणि त्यात एकच वाक्य येतं: खटला झाला की नीगाता ३ चे लोक तानाकांना जास्त मतं देत.

ही मालिका बघा. १९७२, पंतप्रधान असताना: १,८२,६८१. १९७६, अटकेनंतर: १,६८,५२२. १९७९: १,४१,२८५. १९८०: १,३८,५९८. १९८३, न्यायालयाच्या निकालानंतर: २,२०,७६१. १९८६, पक्षाघातानंतर: १,७९,०६२. अटकेनंतर सलग तीन निवडणुका मतं उतरत गेली. उसळी एकदाच आहे. मग प्रश्न ‘खटल्याने मतं का वाढतात’ हा नाहीच. १९८३ ला वेगळं काय झालं, हा आहे.

१२ ऑक्टोबर १९८३ ला टोकियो जिल्हा न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा आणि ५० कोटी येन वसुली सुनावली. तानाकांनी खासदारकी सोडायला नकार दिला, विरोधकांनी संसद अडवली, नोव्हेंबरच्या अखेरीस सभागृह विसर्जित झालं आणि १८ डिसेंबरला मतदान. देशभर एलडीपीला फटका बसला, ५११ पैकी २५० वर आला आणि न्यू लिबरल क्लब या छोट्या पक्षाला बरोबर घ्यावं लागलं. नीगाता ३ मध्ये लेखक अकियुकी नोसाका वरिष्ठ सभागृहाची जागा सोडून मुद्दाम तानाकांविरुद्ध उतरले. २८ हजारांच्या आसपास मतं घेऊन पडले.

माझं मत असं, की त्या एका निवडणुकीत एत्सुझानकाईचं, म्हणजे तानाकांच्या समर्थक संघटनेचं, उद्दिष्ट जागा हे नव्हतंच. जागा हमखास होती. उद्दिष्ट होतं आकडा. एरवी बहुसदस्यीय मतदारसंघात हुशार संघटना आपल्या उमेदवाराला जरुरीपुरती मतं देऊन थांबते, उरलेली मतं मित्रांकडे जाऊ देते. १९८३ ला ते थांबणं सोडून दिलं गेलं. मतमोजणी यांनी म्हटलेला मतांचा डोंगर त्यामुळे उभा राहिला. तो जनमताचा कौल म्हणून वाचायचा की संघटनेच्या ताकदीचं प्रदर्शन म्हणून, हे तक्ता सांगणार नाही. गावनिहाय मतं थोडंफार सांगतील.

एत्सुझानकाईबद्दल थोडं, कारण ते न कळता गावनिहाय आकडे वाचता येत नाहीत. ही तानाकांची कोएनकाई, म्हणजे पक्षाची नव्हे तर व्यक्तीची समर्थक संघटना, १९५३ मध्ये उभी राहिली. एकाच पक्षाचे तीन-चार उमेदवार एकाच मतदारसंघात एकमेकांविरुद्ध लढत असल्याने पक्षाच्या शाखेचा उमेदवाराला उपयोग नसे, प्रत्येकाला स्वतःची यंत्रणा लागे. एत्सुझानकाईच्या गावोगाव शाखा. रस्ता, पूल, बोगदा, बर्फ हटवायची सोय, अशा मागण्या शाखांतून वर जात आणि कोणती आधी हे ठरे. बर्फाळ उओनुमा आणि कारिवा बाजूला ही पकड घट्ट होती. नागाओका शहरात स्पर्धा जास्त, कारण तिथे मुरायामांसारखे अर्थमंत्रालयातून आलेले लोकही उभे होते. जोएत्सु शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे नोव्हेंबर १९८२ ला सुरू झाली, उओनुमातल्या उरासाला थांबा मिळाला, आणि पुढची निवडणूक १३ महिन्यांनी आली. याला कारण म्हणा किंवा म्हणू नका, पण तारखा शेजारी ठेवा.

१९८६ ची ओळ जपून वाचा. २७ फेब्रुवारी १९८५ च्या पक्षाघातानंतर तानाका प्रचाराला बाहेर पडलेच नाहीत, तरी १,७९,०६२ मतांनी पहिले. ऑक्टोबर १९८९ मध्ये निवृत्ती जाहीर झाली, १९९० ची निवडणूक तानाकांविना. ती एक ओळ तक्त्यात सगळ्यात जास्त माहिती देते, कारण डोंगर काढल्यावर मतं कुठे सांडली ते तिथेच दिसतं. बहुतेक लोक ती ओळ उडवतात आणि १९८६ वरून थेट १९९३ च्या माकिकोंवर उडी मारतात.


आडवी_ओळ:

१९९० ची ओळ खरंच उडवली होती. टाकतो. पोटनिवडणुकांचं काय? जुन्या ३ च्या काळात यादीत काही दिसत नाही, ५ मध्ये मात्र २००२ ची आहे.


तळटीप:

जुन्या पद्धतीत एक जागा रिकामी झाली म्हणून पोटनिवडणूक होत नसे. निवडणुकीनंतर तीन महिन्यांच्या आत जागा गेली तर पुढचा, म्हणजे सहावा, वर घेत. त्यानंतर एका मतदारसंघात दोन जागा रिकाम्या होईपर्यंत थांबत. म्हणून यादी कोरी.

एकसदस्यीय झाल्यावर एक जागा गेली की पोटनिवडणूक. २००० पासून त्या वर्षातून दोनदा एकत्र घेतात: एप्रिल आणि ऑक्टोबरचा चौथा रविवार. माकिकोंनी ९ ऑगस्ट २००२ ला सचिवांच्या पगाराच्या वादात राजीनामा दिला, म्हणून २७ ऑक्टोबर २००२, आणि तिथे युकिओ होशिनो आले. २०१७ ची नोंद मात्र करून ठेवा: तादायोशी नागाशिमा ऑगस्टमध्ये वारले, पोटनिवडणूक २२ ऑक्टोबरला ठरली होती, तेवढ्यात सभागृह विसर्जित झालं आणि सार्वत्रिक निवडणूकही त्याच दिवशी आली. पोटनिवडणूक त्यात विरली. काही याद्यांत ती ‘झालेली’ दिसते, ती खोडा.

नागाशिमांबद्दल आणखी एक. ते २००४ च्या चुएत्सु भूकंपाच्या वेळी यामाकोशी गावाचे प्रमुख होते. २००५ आणि २००९ ला प्रमाणबद्ध यादीतून आले, म्हणजे त्या दोन वेळा नीगाता ५ च्या ओळीत ते नाहीत. २०१२ ला तिथे उभे राहून शिक्षणमंत्री असलेल्या माकिकोंना हरवलं, २०१४ लाही जिंकले.


मतमोजणी:

एकसदस्यीय काळासाठी एक नमुना ओळ देतो, २०२१ ची, म्हणजे रकाने ठरवायला सोपं जाईल.

योनेयामा, अपक्ष, ७९,४४७. हिरोहिको इझुमिदा, एलडीपी, ६०,८३७. तामिओ मोरी, अपक्ष, ३६,४२२. एकूण १,७६,७०६. टक्के ४५.०, ३४.४, २०.६. पहिले दोघेही माजी गव्हर्नर, तिसरे नागाओकाचे माजी महापौर.

इथे ‘पराभूत’ असा एकच शेरा पुरत नाही. इझुमिदा प्रमाणबद्ध यादीतही होते, हरून होकुरिकु-शिनएत्सु विभागातून सभागृहात पोचले. त्यासाठी लागतो सेकिहाइरित्सु: पराभूताची मतं भागिले विजेत्याची मतं. ६०,८३७ भागिले ७९,४४७, म्हणजे ७६.५८ टक्के. एका पक्षाने यादीत अनेकांना एकाच क्रमांकावर ठेवलं की हा आकडा मोठा असेल तो आधी. भाजक एकूण मतं नाहीत, विजेत्याची मतं, इथे घोटाळा होतो. मोरींचं सूत्राने ४५.८४ येतं, पण तो रकाना कोरा ठेवा. अपक्षाला यादीच नसते.

अनामत रकमेची रेषाही काळानुसार बदला. आत्ता ३० लाख येन आणि वैध मतांच्या एक दशांशाखाली गेलं की जप्त, २०२१ साठी १७,६७०.६. यादीतून मागच्या दाराने यायलाही हीच एक दशांशाची अट. बहुसदस्यीय काळात ‘वैध मतं भागिले जागा’ याचा एक पंचमांश. १९८३ ला माझ्या ढोबळ ४,७०,००० वर ती १८,८०० येते, म्हणजे नोसाकांची अनामत वाचली. खऱ्या वैध मतांचा आकडा हाती आला की हे पुन्हा करा, रेषेजवळचे उमेदवार इकडचे तिकडे होऊ शकतात.

आणि बेरीज तपासताना सूत्रात शून्य फरक मागू नका. दशांश कापले गेलेल्या निवडणुकांत तो येईलच असं नाही. एका मतमोजणी क्षेत्रामागे एका मतापेक्षा कमी फरक चालेल, त्याहून जास्त दिसला तर आधी नागाओकाची ओळ बघा.